आधी हातात, मग पाटीवर : लहान मुलांचं पहिलं गणित

बचत गटाच्या बैठकीत आपण बचत, कर्ज, हप्ता, व्याज यांवर बोलतो. आज आपण आपल्या घरातल्या तीन ते आठ वर्षांच्या लेकरांच्या गणिताबद्दल बोलणार आहोत. हा विषय आम्ही मुद्दाम गटासाठी निवडला आहे. गावोगावच्या बैठकींत आम्हाला एकच वाक्य ऐकू येतं, "आमचं शिक्षण नाही, आम्ही लेकराला गणित काय शिकवणार?" ज्या बाई हे बोलतात, त्याच बाई पाच हजारांच्या कर्जावर शेकडा दोननं महिन्याचे शंभर रुपये व्याज तोंडी सांगतात. दोन महिने थकले तर किती, हेही सांगतात. बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या विकताना सुट्ट्याचा हिशोब त्यांना पाटी-पेन्सिल न घेता जमतो. त्यांना गणित येतं, फक्त ते वहीतल्या गणितासारखं दिसत नाही. लहान मुलाला पहिल्यांदा नेमकं असंच, हातातलं आणि रोजच्या कामातलं गणित लागतं. वहीतलं गणित त्याच्यानंतर येतं.

याची गरज किती आहे, ते आधी पाहू. 'असर' नावाचा एक अहवाल निघतो. त्यासाठी खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन एकेका मुलाला वाचायला आणि गणित करायला सांगतात. 2024 च्या अहवालात देशभरातल्या ग्रामीण भागाचं चित्र असं आहे : तिसरीतल्या तीन मुलांपैकी साधारण एकालाच हातच्याची दोन अंकी वजाबाकी येते. म्हणजे बाकीची दोन मुलं चौथीत जातात ती वजाबाकी न येताच. पुढं भागाकार, अपूर्णांक, टक्केवारी सगळं तिच्यावरच उभं आहे. पाया कच्चा राहिला की मूल "मला गणित येत नाही" असं स्वतःबद्दल ठरवून टाकतं. मुलीच्या बाबतीत घरचेही लवकर ठरवतात, "हिचं डोकं गणितात चालत नाही." केंद्र सरकारनं 5 जुलै 2021 ला 'निपुण भारत' अभियान सुरू केलं ते याचसाठी. तिसरी पूर्ण होईपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी आकडेमोड यावी, हे त्याचं ध्येय आहे. ते काम एकट्या शाळेच्या हातून होणारं नाही.

पाठ म्हणणं आणि मोजणं

पाहुणे आले की आपण मुलाला म्हणतो, "म्हण रे, एक-दोन." ते धडाधड वीसपर्यंत म्हणतं. आपल्याला वाटतं, याला वीसपर्यंत येतं. आता एक साधी परीक्षा घेऊन बघा. मुलासमोर चिंचोक्यांचा ढीग ठेवा आणि म्हणा, "मला पाच दे." कितीतरी मुलं मूठ भरून देतात. त्यांना पाच हा शब्द येतो, पण पाच म्हणजे किती, ते अजून आलेलं नसतं. आकडे म्हणणं हे गाणं म्हणण्यासारखं आहे. तेही यायला हवंच, पण मोजायला त्याच्याखेरीज आणखी काही लागतं.

मोजताना मूल एकाच वेळी बऱ्याच गोष्टी सांभाळत असतं. पहिली गोष्ट, एका वस्तूला एकच आकडा द्यायचा. बोट पुढं आणि तोंड मागं राहिलं की सात वस्तूंचे आठ होतात. दुसरी, आकड्यांचा क्रम दर वेळी तोच ठेवायचा. तिसरी, शेवटी जो आकडा म्हटला, तेवढ्या सगळ्या मिळून वस्तू. मुलानं पाच वांगी मोजली आणि लगेच तुम्ही विचारलं, "किती झाली?" तर पुष्कळ मुलं पुन्हा एकपासून सुरू करतात. त्यांना शेवटचा 'पाच' हा फक्त पाचव्या वांग्याचं नाव वाटतो. चौथी गोष्ट, डावीकडून मोजा की उजवीकडून, उत्तर तेच येतं. आणि पाचवी, वांगी असोत, शेळ्या असोत की टाळ्या असोत, मोजायची रीत एकच.

आणखी एक गंमत घरी करून बघा. सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन ओळी समोरासमोर लावा. मूल म्हणेल, सारखे आहेत. आता त्याच्या डोळ्यांदेखत एका ओळीतले चिंचोके लांब-लांब पसरा आणि विचारा, "आता जास्त कुठं आहेत?" चार-पाच वर्षांचं मूल बहुतेक वेळा लांब ओळीकडं बोट दाखवतं. स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे यांनी मुलांच्या विचाराचा अभ्यास करताना हे दाखवून दिलं. मूल मूर्ख नसतं. त्या वयात डोळ्याला जे दिसतं, त्यावर त्याचा जास्त भरवसा असतो. ओळ आखडायची, पसरायची, पुन्हा मोजायची, हे त्यानं स्वतःच्या हातानं अनेकदा केलं की संख्या पसरण्यावर अवलंबून नसते, हे त्याला आतून पटतं. सांगून ते पटत नाही.

ही रीत आपल्याच मातीतली

वस्तू हाताळून शिकायची रीत मारिया माँटेसरी या इटलीच्या डॉक्टर बाईंनी जगापुढं मांडली. 1907 मध्ये त्यांनी रोम शहरात कष्टकऱ्यांच्या वस्तीत मुलांचं घर सुरू केलं. तिथं मणी, दांडे, ठोकळे अशी साधनं असत. आपल्या देशात गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक ही रीत महाराष्ट्रात घेऊन आल्या. पण माँटेसरीची साधनं महाग होती. शहरातल्या शाळेला परवडतील, खेड्याला कुठली परवडणार?

1945 साली ताराबाई मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डी गावात गेल्या. तिथं त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंना लहानपणीच वैधव्य आलं होतं, त्यातून त्या शिकून शिक्षिका झाल्या होत्या. या दोघींनी शिंपले, गारगोट्या, बिया, पानं, फुलं, माती हीच साधनं केली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढं कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये त्यांचं काम वाढलं. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. 2 ऑक्टोबर 1975 ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. आज गावोगावी दिसणाऱ्या अंगणवाडीच्या नावामागं या दोघींची ही कल्पना आहे.

हे सांगायचं कारण असं. चिंचोके आणि काड्या घेऊन शिकवणं म्हणजे पैसे नाहीत म्हणून काढलेली पळवाट, असं कुणी समजू नये. जाणत्या बायांनी विचार करून, वापरून, पारखून घेतलेली ही पद्धत आहे. मुलाच्या हाताला ओळखीची वस्तू असली की त्याचं लक्ष वस्तूच्या नवलाईत अडकत नाही, मोजण्यात लागतं.

मोजण्याच्या आधीची तयारी

तीन-चार वर्षांच्या मुलाला लगेच आकडे गिरवायला बसवू नका. आधी तीन कामं द्या.

पहिलं काम निवडण्याचं. हरभरा, चवळी आणि शेंगदाणे एकत्र करा आणि वेगवेगळ्या वाट्यांत निवडायला सांगा. धुतलेले कपडे वेगळे करू द्या : आईचे, बाबांचे, ताईचे. सारखं काय आणि वेगळं काय, हे ओळखणं ही गणिताची पहिली पायरी आहे. दुसरं काम जोडी लावण्याचं. जेवायला बसताना एका माणसाला एक ताट, एका ताटाला एक वाटी. "आत्या आली, अजून एक ताट लागेल." इथं मूल आकडा न म्हणताच एकास एक जोडी शिकतं. तिसरं काम क्रम लावण्याचं. चुलीजवळचे डबे लहानापासून मोठ्यापर्यंत, काड्या आखूड ते लांब. जास्त-कमी, जड-हलकं, आधी-नंतर, वर-खाली हे शब्द कामाच्या ओघात वापरा. शाळेत यालाच गणनपूर्व तयारी म्हणतात. ही तयारी आपल्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत चालूच असते. फक्त मुलाला त्यातून "जा, तिकडं खेळ" म्हणून बाजूला काढायचं नाही.

दहापर्यंतची संख्या

आता दहापर्यंतच्या संख्या. इथं घाई नको. दहा पक्के झाले की पुढचा रस्ता सोपा होतो.

आपण लहानपणी गजगे खेळायचो, काही भागात त्यांना सागरगोटे म्हणतात. पाच गजगे घेतले की एक वर उडवायचा आणि खालचे चार उचलायचे. आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, शेवटी चारही एकदम. चार म्हणजे एक-एक-एक-एक, चार म्हणजे दोन आणि दोन, चार म्हणजे तीन आणि एक. संख्या फोडणं आणि जोडणं म्हणजे हेच, आणि बेरीज-वजाबाकीचं मूळही यातच आहे. लहान मुलाला उडवायला जमणार नाही. त्यानं नुसते जमिनीवर मांडून गट करावेत. पाच चिंचोके घ्या, काही मुठीत झाका, काही बाहेर ठेवा. "बाहेर तीन आहेत, मुठीत किती?" हा खेळ मुलं कंटाळेपर्यंत खेळतात.

कवड्या किंवा फोडलेल्या चिंचोक्यांचे फासे टाकले की आपण मोजत बसत नाही. तीन पडले, हे नजरेनंच कळतं. मुलालाही ही नजर हवी. दोन, तीन, चार वस्तू न मोजता ओळखता आल्या की त्याचं बोटांवरचं अवलंबणं कमी होतं.

दहासाठी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे फार कामाचा. मोठा ट्रे तीस खणांचा असतो, पाच-पाचच्या सहा ओळी. त्यातल्या दोन ओळी कापून घेतल्या की दहा खणांची पाटी तयार. कापलेला ट्रे दोन दिवस उन्हात चांगला तापवून घ्या. खणात एकेक चिंचोका किंवा खडा ठेवायचा. सात ठेवले की एक ओळ भरते आणि दुसऱ्या ओळीत दोन. मुलाला दिसतं, सात म्हणजे पाच आणि दोन. रिकामे खण तीन, म्हणजे दहाला तीन कमी. दहा भरायला किती कमी, हे पाठ असलेलं मूल पुढं बेरजेत कुठं अडत नाही. आठ आणि पाच मिळवायचे तर पाचातले दोन आठला द्यायचे, दहा झाले, उरले तीन, म्हणून तेरा.

अंगणात रांगोळीनं किंवा चुन्यानं सरळ रेघ काढा, सारख्या अंतरावर खुणा करा आणि शून्य ते दहा लिहा. मूल चारवर उभं राहील आणि तीन उड्या मारेल, सातवर पोहोचेल. पुष्कळ मुलं उभ्या असलेल्या चारलाच 'एक' म्हणतात आणि सहावर थांबतात. त्यांना सांगायचं, पाय जिथं आहे तो मोजायचा नाही, उडी मोजायची. मागं उडी मारली की वजाबाकी. जे मूल एका जागी बसत नाही, त्याला ही रीत विशेष मानवते.

पंचवीस की बावन्न?

दहाच्या पुढं एक अडचण येते, ती आपल्या भाषेची आहे. ती समजली तर आपण मुलावर उगाच चिडणार नाही.

'पंचवीस' म्हणताना आपण आधी पाच म्हणतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन, मग पाच. मूल ऐकलं तसं लिहितं : आधी पाच, मग दोन. झाले बावन्न. आपण म्हणतो, "उलटं लिहिलंस!" त्यानं तर कानाला आलं त्या क्रमानंच लिहिलेलं असतं. त्यात आपले आकडे रूप बदलतात. साठ असतो, पण त्रेसष्टमध्ये तो 'सष्ट' होतो. सत्तरचा 'हत्तर' होतो, बाहत्तर, पंचाहत्तर. पन्नास तर बावन्नमध्ये 'वन्न' आणि छप्पन्नमध्ये 'पन्न'. आणि एकोणतीस? त्यात तीस ऐकू येतो, लिहायचा मात्र दोन आणि नऊ. 'एकोण' म्हणजे एक उणे. एक उणे तीस, म्हणून एकोणतीस. वजाबाकीतला 'उणे' तोच हा. मुलाला हे एकदा उलगडून दाखवलं की एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ त्याचे त्यालाच कळतात. फक्त नव्याण्णवची वाट वेगळी आहे, तो 'एकोण'शंभर होत नाही.

उर्दू माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्या आपल्या गटातल्या मुलांनाही हाच घोळ पडतो, कारण पच्चीसमध्येही पाच आधी येतो. जर्मन लोकही पंचवीसला 'पाच आणि वीस' म्हणतात. आपल्या शेजारच्या तेलुगूत मात्र 'इरवै ऐदु', म्हणजे सरळ वीस पाच. तिथल्या मुलाला लिहिण्याचा आणि म्हणण्याचा क्रम एकच मिळतो.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीस ही संख्या 'वीस पाच' अशीही वाचून दाखवली होती. त्यावरून वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळात केवढी चर्चा झाली! काहींना वाटलं, आपली भाषा बिघडवत आहेत. गणित विषय समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी तेव्हा समजावलं की जोडाक्षरांचे अवघड शब्द आणि उलटा क्रम यांमुळं मुलं अडतात, म्हणून हा सोपा जोडरस्ता दिला आहे. जुने शब्दही पुस्तकात होतेच. वाद काही असो, घरी ही युक्ती वापरायला काही हरकत नाही. "वीस आणि पाच, म्हणजे पंचवीस" असं दोन्ही जोडून म्हणा. शब्द आपलाच राहतो आणि मुलाला अर्थही लागतो. तांड्यावरच्या मुलांना घरच्या गोरमाटी बोलीतले आकडे आधी म्हणू द्या, मग मराठीतले. एका बोलीत दहा कळला की दुसऱ्या बोलीत फक्त त्याचं नाव शिकायचं राहतं.

गठ्ठा आणि सुटे

या घोळावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे काड्यांचे गठ्ठे. खराट्याच्या काड्यांचे बोटभर लांबीचे तुकडे करा, टोकं घासून बोथट करा. मुलाला मोजू द्या. दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा. पंचवीस काड्या म्हणजे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या. गठ्ठे डाव्या हाताला ठेवायचे आणि सुट्या उजव्या हाताला. आता लिहा : गठ्ठे दोन, सुट्या पाच, 25. बावन्नसाठी पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. दोन्ही शेजारी मांडले की मूल स्वतःच म्हणतं, हे तर किती जास्त आहेत! शाळेतले दशक आणि एकक म्हणजे आपले गठ्ठे आणि सुटे.

शून्याचं कामही इथंच कळतं. वीस म्हणजे दोन गठ्ठे, सुटं एकही नाही. ती रिकामी जागा दाखवायला शून्य लिहायचं. ते लिहिलं नाही तर वीसचे दोन होतील. व्यवहारात शून्य विसरलं की काय होतं, हे गटाच्या वहीत आपल्याला चांगलं माहीत आहे.

आता ज्या वजाबाकीत तीनपैकी दोन मुलं अडतात, ती करून बघू. बत्तीसमधून पंधरा काढायचे. तीन गठ्ठे, दोन सुट्या. पाच सुट्या द्यायच्या आहेत, हातात दोनच. मग काय करू? एक गठ्ठा सोडायचा. आता दोन गठ्ठे आणि बारा सुट्या. बारातून पाच दिल्या, सात उरल्या. एक गठ्ठा दिला, एक उरला. सतरा. 'हातचा घेणे' म्हणून जे मुलं न समजता पाठ करतात, ते म्हणजे हा गठ्ठा सोडणं. दहाची नोट मोडून सुटे आणतो, तसंच. वही नंतर आणा. आधी गठ्ठा आठ-दहा वेळा सोडू द्या, मग काड्यांचं चित्र काढू द्या आणि शेवटी आकडे. हातात, मग चित्रात, मग आकड्यात, हा क्रम मोडायचा नाही.

गठ्ठ्यांसोबत शंभर मण्यांची माळ करा. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, अशी. जुन्या तोरणाचे मोठे मणी चालतात. कपड्याचा चिमटा माळेवर लावायचा आणि विचारायचं, "किती?" मूल दहा, वीस असे रंग मोजतं आणि मग सुटे मणी. एकोणतीसवर चिमटा लावला की तीसला एकच मणी कमी आहे, हे डोळ्यांना दिसतं. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत गणित पेटीत अशी माळ, ठोकळे आणि खेळातल्या नोटा असतात. पालक सभेला गेलात की बाईंना पेटी दाखवायला सांगा. ती कपाटात नीट ठेवण्यासाठी नाही, मुलांनी हाताळून झिजवण्यासाठी आहे.

बाजार, मोबाइल आणि आपलं बोलणं

आठवडी बाजारात मुलाला सोबत घेतलं तर एक व्यवहार त्याला करू द्या. दहा रुपये द्या, सहाची वस्तू घ्यायला लावा, किती परत आले ते त्यालाच सांगू द्या. घरी कागदाच्या नोटा करून दुकान मांडा. दुकानदार मुलगी होईल, गिऱ्हाईक आजी होईल.

शाळेत मोठा टीव्ही असतो, घरी मोबाइल. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडला की धड्याशी जोडलेले व्हिडिओ मिळतात. त्यांचा उपयोग होतो, पण एक कसोटी लावा : मूल काही करतंय की नुसतं बघतंय? पडद्यावर आंबे मोजले की मोबाइल बाजूला ठेवून तेच खड्यांनी करायला लावा. लहान मुलाला पडदा थोडाच वेळ, आणि आपण शेजारी बसून.

सगळ्यात महत्त्वाचं साधन आपलं बोलणं आहे. मूल चुकलं की "गाढवा, एवढं येत नाही?" म्हणू नका. "कसं मोजलंस, मला दाखव" म्हणा. दाखवताना पुष्कळदा त्याची चूक त्यालाच सापडते. उत्तर बरोबर असलं तरी विचारा, "कसं केलंस?" आणि मुलीसमोर "मलाही गणित कधी आलं नाही" असं बोलू नका. ती ते लगेच स्वतःला लावून घेते.

एक सावधगिरी. तीन वर्षांखालच्या मुलाजवळ चिंचोके, मणी, दाणे ठेवू नका. ती नाकात-तोंडात घालतात आणि जीवावर बेतू शकतं. मोठ्या मुलालाही आपल्या नजरेसमोरच बसवा. खेळ संपला की सगळे मोजून डब्यात भरायला लावा. मोजणंही होईल आणि एखादा हरवला तर कळेल.

गटानं काय करावं

2022 च्या उन्हाळ्यापासून राज्यातल्या शाळांत 'पहिले पाऊल' या नावानं शाळापूर्व तयारी मेळावे भरू लागले. पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी वेगवेगळे टेबल मांडतात, त्यात एक गणनपूर्व तयारीचा असतो. त्यासोबत गावात मातांचे गट करतात आणि घरी करायचे सोपे खेळ त्यांना देतात. आपल्या बचत गटाला एकत्र बसायची सवय आहेच. मेळाव्यापुरते नाव लिहून न थांबता हा माता गट वर्षभर चालवणं आपल्याला सहज जमेल.

त्यासाठी आमची सूचना साधी आहे. बैठक संपल्यावर फक्त दहा मिनिटं ठेवा. प्रत्येक बैठकीत एक खेळ, आणि तो आपण बायांनी आधी स्वतः खेळायचा. ज्या बाईला लिहिता येत नाही, तिनंच गठ्ठा सोडून वजाबाकी करून दाखवावी, बाकीच्यांचा धीर वाढतो. एका जुन्या पिशवीत वीस चिंचोके, शंभर काड्या, रबर, ट्रेचा तुकडा, मण्यांची माळ आणि एक ते शंभर आकड्यांच्या चिठ्ठ्या भरा. अशी गणिताची पिशवी एका घरातून दुसऱ्या घरात फिरवता येते, खर्च नगण्य. अंगणवाडीच्या ताईंना आणि शाळेच्या बाईंना बैठकीला बोलवा, म्हणजे घर आणि शाळा एकाच रीतीनं चालतील.

आणि ज्या मैत्रिणी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात, त्यांना एक पिशवी नक्की द्या. पाच-सहा महिने मूल शाळेपासून लांब राहिलं की परत आल्यावर ते वर्गात मागं बसतं आणि हळूहळू शाळाच सुटते. कोपीसमोर चुलीवर भाकरी होईपर्यंत दहा मिनिटं काड्या मांडल्या, तरी त्याचं गणित जिवंत राहतं.

रोज दहा मिनिटं पुरेत. मूल कंटाळलं की थांबा. आज दहापर्यंतच आलं तर दहापर्यंतच. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एवढंच करून यायचं : आपल्या किंवा शेजारच्या लेकरासमोर चिंचोके ठेवून म्हणायचं, "मला पाच दे." त्यानं काय केलं, ते बैठकीत सांगायचं. मूठ भरून दिली तर तिथून सुरुवात करायची, मोजून पाच दिले तर अंड्यांचा ट्रे काढायचा.